टॉवरच्या बॅटऱ्या आणि अंकुशरावांचा खांदा

माझ्या गाडीतल्या बॅटऱ्यांचं वजन मी खोटं सांगितलं. दोन वेगळ्या दिवशी, वेगवेगळ्या माणसांना सांगितलं. हे आधीच लिहून टाकतो, कारण धाराशिव जिल्ह्यातल्या त्या पाच दिवसांतलं दुसरं काहीही सांगायला गेलो की हेच मध्ये येतं.

परत आल्यापासून ओळखीचे लोक विचारतात, जुन्या रुग्णवाहिकेचं फिरतं घर कसं केलं, पंखा आणि फ्रीज कशावर चालतो, तिकडे बघण्यासारखं काय आहे. तर क्रमाने सांगतो. मी सातारा भागातल्या एका आयटीआयमध्ये वायरमनच्या वर्गाला शिकवतो. वय चोपन्न. पहिल्या आठवड्यात मुलांना मी एक वाक्य सांगतो: वीज डोळ्यांना दिसत नाही, म्हणून वहीत आकडा खरा लिहायचा. बावीस वर्षं सांगतोय.

गाडी एका दवाखान्याने मोडीत काढलेली. तिला आकाशी रंगाचे दोन हात दिले, तरी ऊन पडलं की बाजूवरचं अधिकचं चिन्ह रंगाखालून वर येतंच. आत पलंग, ओटा, लहानसा फ्रीज, दोन पंखे. छतावर सोलरची पाटी. प्रश्न बॅटऱ्यांचा होता. माधुरी, माझी बायको, म्हणत होती की नव्या हलक्या बॅटऱ्या घ्या. मला ते पटेना. भंगारवाल्याकडे मोबाईल टॉवरवरून उतरवलेले सेल आले होते. एकेक दोन व्होल्टचा, सहा जोडले की बारा. भंगारवाला म्हणाला, "सर, टॉवरचा माल आहे. दगड आहे दगड!" दगड हा त्याने गुण म्हणून सांगितला आणि मीही गुण म्हणूनच ऐकला.

लोखंडी ट्रेमध्ये दोन-दोन सेल बोल्टने आवळलेले, असे तीन ट्रे. एक ट्रे मी आयटीआयच्या काट्यावर ठेवून बघितला. अठ्ठ्याऐंशी किलो, वहीत तसंच लिहिलं. तीन मिळून दोनशे चौसष्ट. हा भार मी पलंगाखाली, मागच्या दाराला लागून ठेवला, म्हणजे मागच्या चाकांच्याही मागे. जागा तिथेच होती. हे चूक आहे हे मला कळत होतं.

माधुरीला घाटाची भीती वाटते. तिने विचारलं, "एकूण किती वजन वाढलं?"

"दीडशे."

"म्हणजे एकेक पन्नास?"

"हो. तेवढंच."

तिचं ऐकलं नाही हे झाकायला मी शंभरेक किलो गिळले. पहिलं खोटं ते. नवरा-बायकोत असं चालतं, असं मी स्वतःला समजावलं.

कळंब

कळंबला जायचं ठरलंच नव्हतं. आम्हाला ढोकीला जायचं होतं. माधुरीचे वडील तिथल्या साखर कारखान्यात फिटर होते आणि नऊ वर्षांची होईपर्यंत ती तिथल्या कॉलनीत वाढली. चाळीस वर्षांत परत गेली नव्हती. पण बार्शी मागे टाकून येरमाळ्याच्या पुढे आलो आणि एका खड्ड्यात गाडीच्या मागून काडकन आवाज आला. उतरून बघितलं तर गाडी डाव्या बाजूला बसलेली, बसायला आलेल्या म्हशीसारखी. रस्त्याकडेला तुरीला पाणी देणारा एक माणूस बांधावर आला, वाकून बघितलं आणि म्हणाला, "पाटा गेला. कळंबला जावा हळूहळू. मोंढ्याच्या मागं हमीदभाई हाय. पाट्यातला डाक्टर हाय त्यो." पाटा म्हणजे चाकांवर गाडी तोलणारी पोलादी पट्ट्यांची स्प्रिंग. मग गाडीवरचं चिन्ह बघून म्हणाला, "डाक्टरला डाक्टर भेटंल."

मोंढा म्हणजे इकडचा धान्याचा बाजार. आमच्याकडे मार्केट यार्ड म्हणतात. सोयाबीनचे दिवस होते. पिवळ्या ढिगांमधून वाट काढत हमीदभाईंच्या वर्कशॉपला पोचायला उन्हं चढली. हमीदभाई साठीचे, दाढी मेंदीने लाल. गाडीखाली सरपटत गेले आणि तिथूनच बोलले, "साब, मागं काय भरलंय? सोनं?"

"बॅटऱ्या आहेत."

"दोन पट्ट्या गेल्या. तिसरीबी जायच्या बेतात. पयले वजन उतरवा, मग जॅक लावतो. माझ्या कुप्पीला इंजिन टांगलंय, मोंढ्यातनं हमाल आणा."

कुप्पी म्हणजे साखळीची कप्पी, जड वस्तू वर ओढायची. लिंबाच्या फांदीला ती होती आणि तिला एका टेम्पोचं इंजिन लोंबत होतं.

हमाल यायच्या आधी आम्ही शेजारच्या टपरीवर खाल्लं. तिथला पदार्थ सुशीला. भिजवलेले मुरमुरे, वर फोडणी, शेंगदाण्याचं कूट, लिंबू. माधुरीला नाव ऐकून हसू आलं. मग दोन घास खाल्ल्यावर तिने पुन्हा बशीत बघितलं. "हे आई करायची," ती म्हणाली. "ढोकीहून गेल्यावर बंद झालं. मी विसरूनच गेले होते." त्या क्षणी प्रवास चांगला चालला होता. पाटा मोडूनही चांगला चालला होता.

दोन हमाल आले. एक तरुण, बोलका, नाव गोविंद. दुसरे अंकुशराव, पंचावन्नच्या आसपासचे, अंगात बंडी, डोक्याला रुमाल, कमरेला पोती ओढायचा लोखंडी हूक. चेहरा उतरलेला होता. दिवाळीआधी कावीळ झाली होती आणि कालपासूनच कामावर परत आले होते, हे गोविंदने न विचारता सांगितलं.

अंकुशरावांनी मागच्या दारातून आत बघितलं. ट्रेला हात लावला नाही. माझ्याकडे वळले.

"किती वजन हाय?"

माधुरी माझ्यापासून दोन हातांवर, चहाचा ग्लास धरून उभी होती.

"पन्नास," मी म्हणालो. "एक कट्टा समजा."

कट्टा म्हणजे पन्नास किलोचं पोतं. मोंढ्यातलं रोजचं माप. हा शब्द मी टपरीवर बसल्या बसल्या अर्ध्या तासापूर्वीच शिकलो होतो, आणि वापरलाही लगेच.

गोविंद म्हणाला, "दादा, जोडीला येऊ का? कावळीतनं उठलाव."

"गप ए. कट्ट्याला दोन माणसं लागाय लागली तर मोंढ्यात तोंड दावायचं का?"

"आमी दावतावच की."

"तुजं तोंड हाय व्हय ते?"

दोघं हसले. हमीदभाईही हसले. अंकुशराव गाडीच्या मागच्या कडेला पाठ करून वाकले. पाठीवर तरटाची घडी टाकली. गोविंदने आतून ट्रे ढकलत आणला. ढकलताना तो "आयला" म्हणाला, पण पत्र्यावर लोखंड घासत होतं, म्हणून जड जातंय असं त्याला वाटलं असेल. मला अजून वेळ होता. तोंड उघडून थांबा म्हणायला किती लागतं? मी माधुरीच्या हातातल्या ग्लासाकडे बघत राहिलो.

अंकुशरावांनी दम घेतला आणि उठले. उठतानाच त्यांचा चेहरा बदलला. दुखण्याचा नव्हता तो चेहरा, नवल वाटल्याचा होता. एक पाऊल, दोन. तिसऱ्याला उजवा गुडघा लटपटला. कुणीही असतं तर माल टाकून मोकळं झालं असतं. त्यांनी टाकला नाही. आधी एक गुडघा टेकला, मग दुसरा, मग कोपर, आणि ट्रे कुशीवर घेऊन जमिनीवर ठेवला. ठेवला, टाकला नाही. नंतर त्यांना उठता येईना.

"उसण भरली," गोविंद धावत आला. "हालू नका दादा."

मी म्हणालो, "दवाखान्यात नेऊ या." माझ्याकडे रुग्णवाहिका होती आणि तिचा पाटा मोडलेला होता.

"नको," अंकुशराव म्हणाले. गुडघ्यावरच होते. कुणाकडे न बघता बोलले, "कावळीनं खाल्लं मला. कट्टा न्हाय उचलला." मग कमरेचा हूक सोडला आणि गोविंदच्या हातात दिला. "मुकादमाकडं दे."

गोविंदने हूक परत पुढे केला. "दादा, येड्यावानी करू नका."

"दे म्हणलं ना."

हूक देण्याचा अर्थ मला तेव्हा माहीत नव्हता. गोविंदने तरीही त्यांना मोटारसायकलवर बसवून दवाखान्यात नेलं. आणि इथे माझी दुसरी चूक. ती पहिलीपेक्षा वाईट आहे, कारण ती विचार करून केली. मी हमीदभाईंना म्हणालो, "बाकीचे दोन ट्रे माणसांकडून नको, कुप्पीनेच उतरवू." सगळ्यांना वाटलं, माणसाची काळजी. इंजिन खाली उतरवलं, कुप्पी गाडीमागे आणली. साखळी मी स्वतः अडकवली, ट्रेला कुणाचा हात लागू दिला नाही. साखळीला वजन कळत नाही, आणि कळलं तरी ती बोलत नाही. परत चढवतानाही तसंच केलं.

संध्याकाळी पाटा बसला. जॅक काढल्यावर गाडी पुन्हा थोडी खाली आली. हमीदभाईंनी चाकावरची फट बोटांनी मोजली आणि माझ्याकडे बघितलं.

"पन्नासचे तीन?"

"हो."

"साब, पाटा झूट नाय बोलत." एवढंच म्हणाले आणि हात धुवायला गेले.

मोंढ्याचं दार तिथून चालत पाच मिनिटांवर होतं. मी गाडी ढोकीच्या रस्त्याला लावली.

ढोकी

ढोकीचा रस्ता उसाच्या ट्रॅक्टरांनी भरलेला. एका ट्रॅक्टरला दोन ट्रॉल्या, वर उसाचा डोंगर, आणि त्या सगळ्यावर मात करणारा गाण्यांचा आवाज. हवेत मळीचा गोड, आंबूस वास. माधुरी खिडकीतून डोकं बाहेर काढून तो वास घेत होती. मला तो सोसेना. त्या दिवशी मला काहीच सोसत नव्हतं. गाडी थांबली की चालवावीशी वाटे, चालवली की थांबवावीशी.

कॉलनी सापडली. माधुरीचं घर तिने नंबरावरून नाही, चिंचेवरून ओळखलं. आता तिथं राहणाऱ्या बाईंनी, सिंधूताईंनी, काही न विचारता आत घेतलं. आमच्याकडे पाहुण्याला आधी पाणी देतात आणि मग कोण, कुठले विचारतात. इथे पाणी, मग धपाटे, मग दही, मग शेंगदाण्याची चटणी, आणि हात धुऊन झाल्यावर, "कोण म्हणायचं तुमी?" ज्वारीच्या पिठाचे, वाळकाचा, म्हणजे इकडच्या काकडीचा, कीस घातलेले धपाटे होते. माधुरी त्या स्वयंपाकघरात उंबऱ्याला टेकून बसली आणि नऊ वर्षांची झाली. मी दोनदा उठून बाहेर जाऊन आलो.

बाहेर ऊसतोडीच्या टोळीतली एक म्हातारी गाडीला टेकून बसली होती. मला बघून तिने लुगडं गुडघ्यापर्यंत वर घेतलं. "दाक्तर, हितं दुकतंय बगा."

"मावशी, मी डॉक्टर नाही."

"मग गाडीवर फुली कशापाई ठिवलीय?"

मी मलमाची डबी दिली. तिने वास घेतला, डबी कनवटीला लावली आणि जाताना म्हणाली, "गाडी दवाखान्याची अन् दाक्तर न्हाय. बरं हाय."

सिंधूताईंना गाडी आतून बघायची होती. पंखा लावून दाखवला. दोन मिनिटांत तो मंदावला आणि थांबला. छतावर भर दुपारचं ऊन, आणि पंखा बंद. मीटर घेऊन एकेक सेल तपासला. पाच ठीक होते. सहावा मेलेला, आणि आजचा नव्हे. निघायच्या आधीपासूनच तो मला संशयास्पद वाटत होता, पण टॉवरचा माल म्हणून मी सोडून दिलं होतं. तो कळंबला अंकुशरावांच्या पाठीवर गेलेल्या ट्रेमधलाच होता. मेलेला सेलही जिवंत सेलाएवढाच जड असतो.

कॉलनीच्या बाहेर वजनकाटा आहे. माधुरी लहानपणी त्यावर मैत्रिणींबरोबर उड्या मारायची, म्हणून ती बघायला थांबली. एक ट्रॅक्टर काट्यावर चढला. ड्रायव्हरने इंजिन बंद केलं आणि खाली उतरून बाजूला उभा राहिला. मी सहज विचारलं, उतरलात कशाला?

"माझं वजन उसात धरायचं व्हय?" तो म्हणाला. "माझं सत्तर किलो उसात गेलं तर ती चोरीच की वो."

माधुरी हसली. मी गाडीत जाऊन बसलो. "अहो, काय झालंय तुम्हाला?" तिने विचारलं. मी म्हणालो, ऊन लागलं.

येडशी

चौथ्या दिवशी येडशी. रेल्वे स्टेशनापासून थोडं पुढे अभयारण्याची कमान लागते, आणि सपाट माळ बघून सरावलेल्या डोळ्यांपुढे एकदम दरी येते. सागाची झाडं, पानं वाळायला लागलेली. पायऱ्या उतरत गेलं की तळाशी रामलिंगाचं मंदिर आणि त्याला वळसा घालून जाणारा ओढा. पावसाळ्यात धबधबा असतो म्हणतात. आम्ही गेलो तेव्हा कड्यावरून एक बारीक धार येत होती आणि तिचा आवाज मात्र मोठा होता. माकडं अगणित. एकाने माधुरीच्या पिशवीतली केळी नेली आणि आमच्यासमोरच पायरीवर बसून, साल नीट सोलून खाल्ली. पळून गेला नाही. मला त्याचंही कौतुक वाटलं.

फुलं विकणाऱ्या बाईंनी बेलाच्या पानांबरोबर गोष्टही दिली. "रावणानं जटायूला हितं पाडला. रामराया आला, तर पक्षी पानी पानी करायलाय. मग बाण मारला अन् पानी काढलं. सीतामाईला हुडकायची घाई हुती, पर पडलेल्याला टाकून गेला न्हाय त्यो. थांबला."

त्यांनी ही गोष्ट त्या दिवसात पन्नास जणांना सांगितली असेल. मी दर्शनाच्या रांगेतून बाहेर आलो आणि ओढ्याच्या कडेला बसलो. माधुरी शेजारी येऊन बसली. विचारलं नाही. तीस वर्षांत तिला कळलंय, की विचारलं की मी ऊन लागलं म्हणतो.

मी सांगितलं. आधी दोनशे चौसष्ट सांगितलं. मग अठ्ठ्याऐंशी. मग कुप्पी.

मला वाटलं, बॅटऱ्यांवरून बोलेल, घाटावरून बोलेल. मी तयारही होतो.

"मला दीडशे सांगितलंत, त्याचं मी घरी गेल्यावर बघते," ती म्हणाली. "त्या माणसाला काय वाटतंय आत्ता? कावीळ आपल्याला पोखरून गेली, असंच ना?"

"हो."

"आणि तुम्ही इथे रामाचं दर्शन घेताय?"

"घेतलं नाही. रांगेतून बाहेर आलो."

"मोठे उपकार केलेत." ती उठली. "तुळजापूर-बिळजापूर राहू दे. गाडी वळवा."

पायऱ्या चढताना ती पुढे होती. वर पोचल्यावर तिने गाडीचं मागचं दार उघडलं, वाकून एका ट्रेला दोन्ही हात लावले आणि ओढून बघितला. हलला नाही. दार लावून पुढे येऊन बसली. कळंब येईपर्यंत आमच्यात एवढंच बोलणं झालं, की ट्रक जाऊ द्या.

पुन्हा कळंब

पाचव्या दिवशी सकाळी मोंढ्यात शिरलो तेव्हा सौदे सुरू व्हायचे होते. अंकुशराव एका आडत दुकानाच्या ओट्यावर बसले होते, कमरेला पट्टा. हातात दाभण आणि सुतळी. भरलेल्या कट्ट्यांची तोंडं शिवत होते. ते काम उचलायचं बंद झालेल्या माणसाला देतात, आणि मुकादमाला हूक परत देणं म्हणजे उचलणं सोडणं, हे मला गोविंदने नंतर सांगितलं. मागे भिंतीत खिळ्यांची ओळ होती, टोळीतल्या प्रत्येकाच्या हुकासाठी एक. बाकीचे खिळे रिकामे होते. एका खिळ्याला हूक लटकत होता, अंकुशरावांचा.

"या साहेब," अंकुशराव म्हणाले. "गाडी नीट झाली का?"

ते मला गाडीचं विचारत होते.

मी उभ्या उभ्याच सांगितलं. "अंकुशराव, ती बॅटरी पन्नासची नव्हती. अठ्ठ्याऐंशीची होती. मी खोटं बोललो."

त्यांचा हात थांबला. मग पुन्हा दाभण चालू झालं. ते हळूच हसले. "बसा, च्या घ्या."

"खरं सांगतोय मी."

"साहेब, तुमी चांगलं माणूस हाव. येवढं लांबून परत आलाव." त्यांनी सुतळी दातांनी तोडली. "पर दया करू नका. म्या तीस वर्सं उचलतोय. ज्याचं त्याला कळतंय."

यासाठी माझी तयारी नव्हती. शिव्या ऐकायची होती, चारचौघांत मान खाली घालायची होती. पण मी एकदा खोटं बोललो तेव्हा त्यांनी विश्वास ठेवला होता, आणि आता खरं बोलतोय तर त्यांना ते औषधासारखं, गोड करून दिलेलं वाटत होतं. मी माधुरीकडे बघितलं. ती म्हणाली, "त्यांना नुसतं सांगू नका. मोजून दाखवा."

तेवढ्यात गोविंद आला, त्याच्यामागे टोळीचे मुकादम शहाजीराव, भरघोस पांढऱ्या मिशांचे. काय चाललंय ते गोविंदने दोन वाक्यांत समजून घेतलं. "तरीच!" तो ओरडला. "म्या आतनं ढकलतानाच आयला म्हणलो हुतो!"

"मग बोलला का न्हाईस?" मुकादम म्हणाले.

"मालकानं कट्टा सांगितल्यावर म्या काय बोलू?"

मुकादम माझ्याकडे वळले. आवाज चढवला नाही. "साहेब, हमाल वजन विचारतो ते कशापाई, ठावं हाय का? मजुरीसाठी न्हाय. दमासाठी. कट्टा म्हणलं की अंग कट्ट्याचा दम धरतंय. पोतं म्हणलं की शंभर किलोच्या पोत्याचा. एकदा खाली शिरल्यावर बदलता येत न्हाय. मालकाचं तोंड हाच आमचा काटा हाय." मग म्हणाले, "आणा ती बॅटरी."

या वेळी चौघं गेले. मीही एक कोपरा धरला, आणि तो मला कुणी सोडायला सांगितला नाही. ट्रे आडतीच्या पाटकाट्यावर ठेवला. टोळीतली पाच-सात माणसं जमली. हमीदभाईही हात पुसत आले होते.

काट्यावरचे लाल आकडे थोडे हलले आणि थांबले. अठ्ठ्याऐंशी.

अंकुशराव कमरेवर हात ठेवून हळूहळू उठले, काट्याजवळ आले, आकडे वाचले. ट्रेवर तळवा ठेवला, बैलाच्या पाठीवर ठेवतात तसा.

"मला खांद्यानं सांगितलं हुतं," ते म्हणाले. "उठतानाच सांगितलं. म्हणलं, मालक कशाला खोटं बोलंल. मग म्या खांदाच खोटा धरला."

"दादा, कावळीतनं उठून अठ्ठ्याऐंशी!" गोविंद म्हणाला. "अन् तीन पावलं चाललाव! अन् टाकलंबी न्हाय!"

"गप ए."

"आता दादाच्या नावानं कुंथलगिरीचे पेढे कोण वाटतंय? म्या तर न्हाय."

हशा पिकला. हसता हसता एक जण माझ्याकडे बघून म्हणाला, "लोकांची अँब्युलन्स पडलेल्याला उचलती. ह्यांची उभ्याला पाडती." त्यावर आणखी मोठा हशा झाला. मी तो ऐकला. तो माझाच होता.

मुकादमांनी भिंतीवरचा हूक काढला आणि अंकुशरावांपुढे धरला. डॉक्टरांनी पंधरा दिवस उचलायला मनाई केली होती. पण हूक खिळ्यावर राहणं वेगळं आणि कमरेला राहणं वेगळं. अंकुशरावांनी तो घेतला नाही.

"थांबा," ते म्हणाले. "साहेबानं मला एकट्याला सांगितलं. आता त्यांनी टोळीला सांगावं. त्या दिशी टोळीच्या नजरंतनं उतरलो म्या."

हमीदभाई माझ्या खांद्याला खांदा लावून उभे होते. हळू आवाजात म्हणाले, "बोलो साब. पाटा बोललाय, काटा बोललाय. आता तुमी बोला."

मी बावीस वर्षं वर्गापुढे बोलतो. हा वर्ग नव्हता. माधुरी माझ्या बाजूला आली, सोडवायला नव्हे, ऐकायला. मी अंकुशरावांकडे बघितलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणालो:

"वजन मला माहीत होतं. काट्यावर मोजलं होतं, वहीत लिहिलं होतं. बायकोला कमी सांगितलं होतं आणि ती शेजारी उभी होती, म्हणून तुम्हालाही कमी सांगितलं. तुम्ही पडलात तेव्हाही बोललो नाही. वर कुप्पी लावली, कुणाला कळू नये म्हणून. अंकुशराव, तुमचा खांदा खरा होता. तुमची कंबर मी मोडली, आणि तुम्ही ते काविळीवर घेतलंत. मला माफ करा."

अंकुशरावांनी मुकादमांच्या हातातला हूक घेतला आणि कमरेला खोचला.